इआन्थी : एका छोट्याशा जांभळ्या फुलाचं नाव

तुम्ही विचारलंत की मेलबर्नला असलेल्या भाचीने मुलीचं नाव इआन्थी ठेवलंय, जावई ग्रीक कुटुंबातला, आणि इकडे घरात मोठी माणसं म्हणतायत की हे जयंती, अवंतीसारखंच दिसतंय म्हणजे मूळ संस्कृतच असणार. नेटवर ‘जांभळं फूल’ एवढाच अर्थ सापडला, आणि ग्रीकांमध्ये पण हे नाव फारसं ऐकू का येत नाही असंही तुम्हाला पडलंय. माझं अत्यंत आवडतं नाव आहे हे, त्यामुळे जरा लांबेल, सांभाळून घ्या.

आधी जयंतीचं बघू. जयंती, दमयंती यातला ‘न्ती’ हा प्रत्यय आहे, धातूला लागून ‘ते करणारी’ असा अर्थ देतो. जयंती म्हणजे जिंकणारी, दमयंती म्हणजे दमन करणारी. त्यात फूल कुठेच नाही. इआन्थीमध्ये मात्र दोन ग्रीक शब्द आहेत, ‘इऑन’ आणि ‘अँथॉस’. अँथॉस म्हणजे फूल. इऑन म्हणजे एक विशिष्ट फुलझाड, इंग्रजीत ज्याला व्हायोलेट म्हणतात ते. तेव्हा नावांचा नाद सारखा आहे इतकंच, घडण वेगळी.

पण संस्कृतशी नातं अजिबातच नाही असं पण नाही हं! वेदात ‘अन्धस्’ असा एक शब्द येतो, आंधळा या अर्थाचा नाही, सोमाची वनस्पती किंवा तिचा रस या अर्थाचा. बऱ्याच भाषाशास्त्रज्ञांनी तो अँथॉसशी जोडलाय, सगळ्यांना मान्य आहे असं नाही पण ध्वनींच्या बाजूने जुळतं, कारण संस्कृतात जिथे ध तिथे ग्रीकमध्ये थ हे नेहमीचंच आहे. आपलं मधु आणि त्यांचं ‘मेथू’ म्हणजे मद्य, हे एकाच घरातले शब्द. म्हणजे मोठ्या माणसांना जे वाटलं त्यात थोडंसं तथ्य निघालं, फक्त भलत्या टोकाने.

आता ‘जांभळं फूल’. हा अर्थ चूक नाही पण फार ढोबळ आहे, त्यात नावाची सगळी मजा जाते. आपल्याकडे कोणी जुई नावाचा अर्थ ‘पांढरं फूल’ असा सांगितला तर कसं वाटेल, तसं आहे हे. इऑन म्हणजे सावलीत, जमिनीलगत येणारं अगदी बारकं, सुवासाचं फूल, पानाआड दडलेलं. आणि ते आपल्याला अगदीच अनोळखी नाही. काष्ठौषधींच्या दुकानात जाऊन बनफशा मागा. पुडीतून वाळून चुरगळलेलं, जांभळा रंग जवळजवळ उडालेलं जे काही हातात येतं, खोकल्याच्या काढ्यात घालतात ते, तेच हे व्हायोलेटचं कुळ. बनफशा शब्द फारसीतून आलाय. मी तर म्हणेन की इआन्थीचा मराठीत खरा अर्थ ‘बनफशाचं फूल’ असाच सांगा, जांभळं फूल नको.

या इऑनची गंमत अशी की त्याच्या सुरुवातीला पूर्वी ‘व’ होता, विऑनसारखं काहीतरी. ग्रीकमध्ये तो व गळला, लॅटिनमध्ये राहिला आणि तिथे ‘विओला’ झालं, त्यातून व्हायोलेट. म्हणजे इआन्थी आणि व्हायोलेट ऐकायला इतकी लांबची पण एकाच मुळाची. आणि तिसरं भावंड तर तुमच्या स्वयंपाकघरातल्या मिठाच्या पिशवीवर छापलेलं आहे, आयोडीन! १८११ मध्ये फ्रान्समध्ये बर्नार कूर्त्वा समुद्री शेवाळाच्या राखेवर काम करत होते तेव्हा त्यांना हे सापडलं, आणि तापवल्यावर त्याची जी वाफ निघते तिच्या रंगावरून, ‘इऑनसारखं दिसणारं’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून, नाव पडलं. शाळेत संप्लवनाचा प्रयोग केला असेल तर आठवेल, परीक्षानळीच्या तळाशी काळसर चमकदार खडा असतो, खाली मंद आच दिली की मध्ये पाणी वगैरे काही न होता नळीभर दाट जांभळा धूर भरतो आणि वर थंड काचेवर परत बारीक खडे धरतात. तो धूर म्हणजे इआन्थीमधला ‘इ’. जखमेवर लावायचं टिंक्चर तपकिरी असतं म्हणून आपल्याला हे लक्षात येत नाही.

अँथॉस तर आपल्या अवतीभवती भरपूर. शेवंतीचं क्रिसँथेमम म्हणजे सोन्याचं फूल, सूर्यफुलाचं हेलिअँथस, निशिगंधाचं जुनं शास्त्रीय नाव पॉलिअँथिस. राजगिऱ्याच्या अमरँथसची तर वेगळीच कथा, तो मूळ शब्द ‘अमारान्तॉस’, म्हणजे न कोमेजणारा, त्यात फूल नव्हतंच, पण लोकांना अँथॉस इतकं ओळखीचं की त्याच्या नादाने त चा थ होऊन बसला. आणि मला सगळ्यात आवडतं ते आपल्या कारवीचं, स्ट्रोबिलँथिस, शंकूसारखं फूल. सह्याद्रीत सात-आठ वर्षांनी एकदा अख्खे डोंगर जांभळे करणारी कारवी आणि ही मेलबर्नची पोर, दोघींच्या नावात एकच फूल आहे, हे भाचीला नक्की कळवा.

एक सावधगिरी, झॅन्थी नाव पण दिसेल, त्यात अँथॉस नाही. ते ‘झान्थॉस’ म्हणजे पिवळ्या-सोनेरी रंगावरून. प्राचीन ग्रीक कवी हेसिअडने समुद्रकन्यांची, म्हणजे ओकेआनॉस या देवाच्या मुलींची, जी यादी दिली आहे तिच्यात ४१ नावं आहेत (एकूण ३,००० आहेत असंही तोच सांगतो) आणि त्यात या दोघी वेगवेगळ्या येतात. देमेतेर या धान्याच्या देवीच्या प्राचीन स्तोत्रात पण इआन्थी आहे, आणि तिथे ती कशी आहे बघा. तिची मुलगी पर्सेफोनी कुरणात मैत्रिणींबरोबर फुलं वेचत असताना पाताळाचा राजा तिला पळवून नेतो, पुढे ती आईला सगळं सांगते तेव्हा मैत्रिणींची नावं एकेक करून घेते, त्यात ही. वेचायच्या फुलांमध्ये इऑन पण आहेत. बनफशा वेचणारी बनफशा! तिच्याबद्दल बाकी काहीच सांगितलेलं नाही, नुसतं नाव.

गोष्ट म्हणावी अशी एकच, ती रोमन कवी ओव्हिडने सांगितली. क्रीट बेटावर इफिस नावाची मुलगी, बापाच्या धाकाने आईने मुलगा म्हणून वाढवलेली, तिचं लग्न इआन्थीशी ठरतं आणि दोघींचं खरंच प्रेम असतं. लग्नाच्या आदल्या दिवशी आई देवीचे पाय धरते आणि इफिसचा पुरुष होतो. आपल्याला शिखंडी आठवल्याशिवाय राहत नाही, पण तिथे लग्नानंतर बोभाटा आणि सासरा सैन्य घेऊन दारात, इथे मात्र थेट सुखाने लग्न लागतं.

मग इतकं गोड नाव लोकांनी ठेवलं का नाही? माझ्या मते कारण ग्रीक घरांच्या रीतीतच आहे. तिकडे आजी-आजोबांचं नाव नातवंडांना द्यायची पद्धत फार घट्ट, आपल्याकडे पण होतीच की पूर्वी. शिवाय नाव बहुधा संतांचं, कारण त्या संताचा दिवस हाच नावाचा सण, घरी लोक येतात, गोडधोड होतं, वाढदिवसाहून त्याचं महत्त्व कमी नसतं. त्यामुळे मारिया, एलेनी, कातेरिना पिढ्यानपिढ्या फिरत राहतात आणि आजीचं नाव इआन्थी नसेल तर नातीचं कुठून येणार? अठराव्या शतकाच्या शेवटापासून, आणि १८२१ च्या स्वातंत्र्ययुद्धानंतर तर जास्तच, जुनी प्राचीन नावं परत ठेवायला लागले, ती वाट झाली म्हणून अशी नावं आज आहेत तरी. ज्यांना संत नाही त्यांचा सण सर्व संतांच्या रविवारी करतात, भाचीने सासरी विचारून ठेवावं.

इंग्रजीत हे नाव कवींनी आणलं. शेलीच्या १८१३ मधल्या ‘क्वीन मॅब’ची नायिका इआन्थी, आणि त्याच वर्षी झालेल्या स्वतःच्या मुलीला पण त्याने हे नाव दिलं. बायरनने १८१४ मध्ये एका लहान मुलीला याच नावाने कविता अर्पण केली. पण कवितेतलं नाव कवितेतच राहिलं, घराघरात गेलं ते व्हायोलेट.

आता लिहायचं कसं. आजचे ग्रीक ‘इ-आन्-थी’ म्हणतात, जोर आन् वर, थ इंग्रजी थिंकसारखा घासून. इंग्रज मंडळी ‘आयॅन्थी’. पण प्राचीन ग्रीकमध्ये तो घासलेला नव्हता, सरळ आपला थ होता, थाळीतला, आणि शेवटी ई नाही तर लांब ए, म्हणजे इआन्थे. त्यामुळे आजीने आपल्या पद्धतीने स्वच्छ थ म्हटला तर कोणी दुरुस्त करू नये, हेसिअडच्या कानाला तोच बरा वाटला असता. बारशाच्या पत्रिकेवर ‘इआन्थी’ किंवा ‘इयांथी’ दोन्ही चालेल. फक्त छापणाऱ्याला आधीच सांगा, नाहीतर तो अवंती समजून थ चा त करेल.