आजोबांच्या ठासणीच्या बंदुकीची सागवानी पेटी पावसात खिळखिळी झाली, अस्तर कुजलं. नवीन करू की तीच दुरुस्त?

तीच दुरुस्त करा! सागवान टिकतं, कोकणातल्या दमट हवेत सुटतो तो सांध्यांमधला सरस. दिवाळीपर्यंत पेटी सावलीतच सुकू द्या. उन्हात फळ्या वाकतात. सांधे पुन्हा सरसानेच जोडा. जुन्या सरसावर फेविकॉल नीट धरत नाही. वर लाखदाण्याचं पॉलिश. पितळी कोपरे घासू नका, जुनी झाक जाते.

पेटीत बंदूक बसते त्या खाचांच्या मापासाठी ती सुताराकडे नेऊ नका, १९५९ च्या शस्त्र कायद्याची भानगड होईल. घरीच पुठ्ठ्यावर तिची आकृती काढून द्या. चाप आणि घोड्यापाशी अस्तराच्या जाडीइतकी जागा सोडा. अस्तर लोकरी बनातीचं.

पावसाळ्यात मात्र बंदूक पेटीबाहेर, कुलपात ठेवा. बनात ओल धरते आणि नळी गंजते.