लाइकलिक म्हणजे धर्मनिरपेक्षता का?

एका वाचकाचा प्रश्न असा आहे: तुर्कस्तानच्या राजकारणावरील मजकुराचे भाषांतर करताना ‘लाइक’ आणि ‘लाइकलिक’ या तुर्की शब्दांसाठी ‘धर्मनिरपेक्ष’, ‘निधर्मी’ आणि ‘इहवादी’ यांपैकी कोणता शब्द घ्यावा, आणि तिथल्या ‘दिनदार’ व ‘दिनजी’ या दोन्ही शब्दांना ‘धार्मिक’ म्हटले तर चालेल का?

‘लाइक’ हा शब्द तुर्कांनी फ्रेंचांकडून घेतला. त्याच्या मुळाशी ग्रीक ‘लाओस’ म्हणजे लोक. जो धर्मोपदेशक नाही, साध्या जनांतला आहे, असा त्याचा जुना अर्थ. आपला ‘लौकिक’ ध्वनीने आणि अर्थाने त्याच्या इतका जवळ जातो की मोह व्हावा. पण ते साम्य योगायोगाचे आहे, शिवाय मराठीत ‘लौकिक’ नावलौकिकात पुरता अडकल्यामुळे त्याचा इथे उपयोग नाही.

‘धर्मनिरपेक्ष’ची अडचण ‘निरपेक्ष’मध्ये आहे. निरपेक्ष म्हणजे अपेक्षा न ठेवणारा, दुसऱ्यावर न विसंबणारा. तुर्की प्रजासत्ताकाचा धर्माशी व्यवहार असा कधीच नव्हता. ज्या 3 मार्च 1924 रोजी खिलाफत रद्द झाली, त्याच दिवशी धर्मव्यवहार पाहणारे ‘दियानेत’ हे सरकारी खातेही स्थापन झाले. आजही मशिदींतले इमाम सरकारी पगारदार आहेत आणि शुक्रवारच्या खुतब्याचा (मशिदीतल्या प्रवचनाचा) मजकूर या खात्याकडून येतो. राज्याचा धर्म इस्लाम असल्याचे वाक्य 1928 मध्ये घटनेतून गेले आणि 1937 मध्ये लाइकलिक हे तत्त्व घटनेत आले; दरम्यान 1932 पासून बांग अरबीऐवजी तुर्कीतून, ‘अल्लाहू अकबर’च्या जागी ‘तान्री उलुदुर’ (ईश्वर महान आहे) असे म्हणून, द्यावी लागू लागली आणि 1941 मध्ये अरबीतून बांग देणे हा दंडनीय गुन्हा ठरला. बांग देणाऱ्या मुअज्जिनाने कोणत्या भाषेत पुकारा करावा हे ठरवणाऱ्या राज्याला निरपेक्ष कसे म्हणावे? त्याच्या तर धर्माकडून भरपूर अपेक्षा होत्या.

‘निधर्मी’ मात्र टाळावाच. ओस्मानी काळाच्या अखेरीस तुर्की विचारवंत झिया ग्योकाल्प यांनी याच फ्रेंच शब्दासाठी ‘लादीनी’ हा प्रतिशब्द वापरला होता. ‘ला’ म्हणजे नाही आणि ‘दीन’ म्हणजे धर्म, म्हणजे घडण अगदी आपल्या ‘निधर्मी’चीच. ऐकणाऱ्याला तो शब्द ‘धर्मबुडवा’ असाच लागे, त्यामुळे तो मागे पडून ‘लाइक’ रुळला. उर्दूत ‘लादीनी’ टिकला, तो बहुधा सेक्युलर राज्याला विरोध करणाऱ्यांच्या तोंडी. तेव्हा भाषांतरात ‘निधर्मी’ लिहिणे म्हणजे एका बाजूचा युक्तिवाद नकळत मान्य करणे होय. सप्टेंबर 2011 मध्ये तुर्कस्तानचे तेव्हाचे पंतप्रधान एर्दोआन कैरोला गेले, तेव्हा व्यक्ती लाइक नसते, राज्य लाइक असते आणि त्याचा अर्थ धर्महीनता नव्हे, हे त्यांना इजिप्तच्या लोकांना समजावून सांगावे लागले. तरीही तिथल्या मुस्लिम ब्रदरहुड या इस्लामवादी संघटनेला तो सल्ला रुचला नाही. एर्दोआन यांचा हाच भेद ‘इहवादी’लाही लागू पडतो: तो शब्द माणसाच्या किंवा विचारवंताच्या जीवनदृष्टीला शोभतो, सरकारी खात्याला नाही.

मराठी वाचकाची आणखी एक सवय इथे आड येते. आपल्या राज्यघटनेच्या उद्देशिकेत ‘धर्मनिरपेक्ष लोकशाही गणराज्य’ हे शब्द एकापाठोपाठ येत असल्यामुळे (हिंदी पाठात ‘पंथनिरपेक्ष’ आहे, ती चर्चा वेगळी) ही दोन विशेषणे एकाच दांडीला टांगलेली आहेत असे आपण धरून चालतो. तुर्कस्तानात ती वारंवार एकमेकांविरुद्ध उभी राहिली. लाइकलिक आले ते एकपक्षीय राजवटीत. 14 मे 1950 च्या निवडणुकीत सत्तांतर होऊन मेंदेरेस यांचे सरकार आले आणि महिनाभरात, 16 जूनला, अरबी बांगेवरची बंदी उठली. डिसेंबर 1995 च्या निवडणुकीत एर्बाकान यांचा इस्लामवादी रेफाह पक्ष पहिला आला आणि पुढे ते पंतप्रधान झाले. 28 फेब्रुवारी 1997 च्या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेच्या बैठकीनंतर लष्कराच्या दबावाखाली त्यांना त्याच वर्षी पंतप्रधानपद सोडावे लागले आणि जानेवारी 1998 मध्ये घटना न्यायालयाने पक्षच बंद केला. 2008 मध्ये एर्दोआन यांच्या सत्तारूढ एके पक्षावर ‘लाइकलिकविरोधी कृतींचे केंद्र’ म्हणून खटला झाला. अकरापैकी सहा न्यायाधीश बंदीच्या बाजूचे होते, सात हवे होते, म्हणून पक्ष वाचला. त्यामुळे ‘लाइकवाद्यांनी लोकशाही वाचवली’ किंवा ‘लोकशाहीने लाइकलिक वाचवले’ अशी वाक्ये भाषांतरात आपल्याकडून पेरली जात नाहीत ना, हे पाहावे लागते. उलट बाजूही विसरू नये. मतपेटीतून आलेल्या याच पक्षाच्या राजवटीत 2016 च्या फसलेल्या लष्करी बंडानंतर हजारो न्यायाधीश आणि प्राध्यापक नोकरीतून काढले गेले. आणि गंमत अशी, की या पक्षाने घटनेतला ‘लाइक’ शब्द काढला नाही आणि दियानेतही मोडले नाही. आधीच्यांनी धर्माला घातलेला लगाम तेवढा आपल्या हाती घेतला.

म्हणून माझा सल्ला असा, की पहिल्या उल्लेखात ‘लाइकलिक, म्हणजे धर्मावर राज्याचे नियंत्रण ठेवणारी तुर्की धर्मनिरपेक्षता’ असे लिहावे आणि पुढे ‘लाइकलिक’ तसाच ठेवावा.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे, कारण दोन्ही प्रत्यय आपल्या घरचेच झालेले आहेत. ‘दिनदार’मधला ‘दार’ हा इनामदार, फौजदारमधला: ज्याच्यापाशी धर्म आहे तो, अर्थात धार्मिक, भाविक. ‘दिनजी’मधला ‘जी’ हा मात्र आदरार्थी नव्हे. तो मशालची, नगारचीमधला तुर्की ‘ची’ आहे, व्यवसाय दाखवणारा. मशालची मशालीवर पोट भरतो, तसा दिनजी धर्मावर राजकारण चालवतो. शब्द हेटाळणीचा आहे, म्हणून त्याला ‘धर्माचे राजकारण करणारा’ म्हणावे. तटस्थ निवेदनात ‘इस्लामवादी’ पुरेसा आहे. ‘इस्लामी’ नको, कारण इस्लामी तर स्थापत्यही असते.

हाच नियम सरसकट सगळ्या मुस्लिमबहुल देशांना लावू नये. ट्युनिशियाच्या 2014 च्या घटनेने सेक्युलरसाठीचा अरबी ‘अलमानी’ हा वादग्रस्त शब्द टाळून राज्याला ‘मदनी’ म्हटले. ‘मदीना’ म्हणजे नगर, म्हणून ‘नागरी राज्य’ हे भाषांतर चपखल बसते. बांगलादेशाच्या 1972 च्या घटनेत तर ‘धर्मनिरपेक्षता’ हाच शब्द, याच अक्षरांत, बंगालीतून आहे. तो 1977 मध्ये काढला गेला, 1988 मध्ये इस्लाम राज्यधर्म झाला, आणि 2011 च्या पंधराव्या दुरुस्तीने राज्यधर्म न हलवता धर्मनिरपेक्षता परत आणली. त्या मजकुरात दोन्ही शब्द जसेच्या तसे ठेवावेत. त्यांतली विसंगती ही भाषांतरकाराची चूक नाही.