एंडोमेट्रिओसिसच्या ऑपरेशनआधी भीतीनं झोप उडाली आहे, काय करू?

तुम्ही लिहिलंय की एंडोमेट्रिओसिसच्या (गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढतो, तो आजार) दुर्बिणीच्या ऑपरेशनला नऊ दिवस राहिलेत, रोज पहाटे तीनला धडधडून जाग येते आणि घरचे म्हणतात, "सिझर झालेल्या बायका बघ, तुझं तर दुर्बिणीतून आहे." हे वाक्य मी माझ्या सख्ख्या आत्याकडून ऐकलंय. ते आधी बाजूला ठेवा. दुर्बिणीचं म्हणजे बाहेरचे छेद लहान, एवढंच. आतलं काम किती आहे ते त्यावरून कळत नाही, आणि भीती किती वाटावी हेही नाही.

मी डॉक्टर नाही. सांगलीत शाळेत गणित शिकवते. माझं ऑपरेशन २०१९ मध्ये पुण्यात झालं, तेव्हा मी एकतीस वर्षांची होते. त्याआधीचे पंधरा दिवस मी तुमच्यासारखीच छताकडे बघत काढलेत.

मला उपयोगी पडली ती एक जुनी वही. एका रात्री कंटाळून त्यात लिहायला बसले, की आपल्याला नक्की कशाची भीती वाटतेय. वाटलं होतं, एकच मोठी भीती आहे. निघाल्या अकरा. त्यातली एक तर अशी, की भुलीच्या गुंगीत सासूबाईंसमोर काहीबाही बडबडेन. मग प्रत्येकीसमोर लिहिलं, याचं उत्तर कोणाकडे आहे : सर्जन, भूलतज्ज्ञ, विम्याची खिडकी की कोणीच नाही. 'कोणीच नाही' समोर दोनच उरल्या. बाकीच्या नऊ मी उगाच रात्री तीन वाजता स्वतःला विचारत बसले होते.

भूलतज्ज्ञांची भेट बहुतेक जणी रक्ताच्या रिपोर्टसारखी उरकून टाकतात. तसं करू नका. मी त्यांना सरळ म्हटलं, मला फार भीती वाटते, मध्येच जाग आली तर काय? ते हसले नाहीत. नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन, श्वासातला कार्बन डायऑक्साइड हे सगळं सतत पडद्यावर दिसत असतं आणि ऑपरेशन संपेपर्यंत मी तुमच्या उशाशीच असतो, असं त्यांनी सांगितलं. मग कागदावर माझ्या भीतीची नोंद केली आणि आदल्या रात्रीसाठी एक गोळी लिहून दिली. मी बोललेच नसते तर ती मिळाली नसती. मात्र झोपेची गोळी घरातल्या कुणाच्या डब्यातून उचलून घेऊ नका. आणि तुम्ही घेत असाल ती प्रत्येक गोष्ट त्यांना सांगा, काढे आणि चूर्णंसुद्धा. उपाशी कधीपासून राहायचं तेही त्यांच्याकडूनच लिहून घ्या. साधारणपणे जेवण सहा तास आधी आणि साधं पाणी दोन तास आधी बंद करतात, पण बरीच रुग्णालयं मध्यरात्रीपासूनच सगळं बंद ठेवतात. दुधाचा चहा पाण्यात धरत नाहीत, हे मला तिथे कळलं.

सर्जनना विचारायचं ते वेगळं. डाग, म्हणजे बाहेर वाढलेल्या त्या थराचे ठिपके, नुसते जाळणार की कापून काढणार? आतड्याला चिकटलेलं निघालं तर त्याच वेळी हात घालणार, की बाहेर येऊन आधी बोलणार? अंडाशयात गाठ असेल आणि पुढे मूल हवं असेल तर एएमएचची (अंडाशयात बीजं साधारण किती शिल्लक आहेत ते सांगणारी रक्ताची) तपासणी आधी करायची का, हे नक्की विचारा, कारण गाठ सोलून काढताना अंडाशयाचा थोडा चांगला भागही जाऊ शकतो. संमतीपत्र ऑपरेशनच्या सकाळी हातात पडलं तर घाईत सही होते. मी आदल्या दिवशी मागून घेतलं आणि काय काय काढायला माझी परवानगी आहे ते शब्दन् शब्द वाचलं. आश्चर्य म्हणजे त्या रात्री बरी झोप लागली.

आता 'कोणीच नाही' समोरची एक भीती. ही मी तेव्हा कुणालाच सांगितली नव्हती : पोट उघडलं आणि आत काहीच सापडलं नाही तर?

तेरा वर्षं मी पाळीच्या पहिल्या दोन दिवसांत मेफ्टाल आणि गरम पाण्याच्या पिशवीवर शाळा केली होती. एका डॉक्टरांनी "लग्न झालं की थांबेल" म्हटलं, लग्नानंतर दुसऱ्या डॉक्टरांनी "मूल झालं की थांबेल" म्हटलं. सोनोग्राफी दोनदा नॉर्मल. त्यामुळे आत धडधडीत काहीतरी सापडावं असं मला वाटत होतं, आणि तसं वाटण्याची लाजही वाटत होती. शेवटच्या भेटीत हे सर्जनना बोलून टाकलं. त्या म्हणाल्या, ही भीती त्यांना बऱ्याच जणी सांगतात. पोटाच्या आतल्या अस्तरावरचे बारीक डाग सोनोग्राफीत दिसत नाहीत, आणि दुखणं किती व रोग किती पसरलाय यांचा मेळ बसेलच असं नाही. थोड्याशा डागांनी एखादी अंथरुणाला खिळते, तर मोठी गाठ घेऊन दुसरी मजेत फिरते. आणि काहीच निघालं नाही तर मूत्राशय, आतडं, ओटीपोटाचे स्नायू यांकडे बघायचं. दुखणं खोटं ठरत नाही. तुमच्या सोनोग्राफीत काय आलंय ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण तुमच्या वहीतही ही भीती असेल तर ती ऑपरेशनच्या आधी बोला, नंतर नको.

माझ्या बाबतीत सापडलं. गर्भाशयाच्या मागे डाग होते आणि डावं अंडाशय चिकटलेलं होतं. आई फोटो बघून म्हणाली, "अगं, मोहरी सांडल्यासारखी दिसतेय."

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगात सुमारे १९ कोटी मुली-बायकांना हा आजार आहे. मला त्या आकड्यानं काडीचाही धीर आला नव्हता. धीर दिला शेजारच्या कॉटवरच्या बारामतीकडच्या ताईंनी, ज्यांचं आदल्याच दिवशी झालं होतं. म्हणाल्या, "उठल्यावर खांदा दुखंल, हार्टचं समजू नको." पोट फुगवायला आत वायू भरतात, तो श्वासपटलाला डिवचतो आणि कळ खांद्यात उठते. त्यांनी सांगितलं नसतं तर त्या संध्याकाळी मी वॉर्ड डोक्यावर घेतला असता. घसाही भुलीत घातलेल्या श्वासाच्या नळीमुळे खवखवतो. दोन्ही दोन-तीन दिवसांत गेलं. थोडं थोडं चालल्यावर खांदा हलका व्हायचा. छातीत दुखलं किंवा दम लागला तर मात्र खांद्यावर ढकलू नका, सिस्टरला हाक मारा.

यूट्यूबवर ऑपरेशनचे व्हिडिओ बघू नका. मी दोन बघितले, आणि वहीतल्या अकरापैकी तीन भीती तिथूनच आल्या होत्या.

मंगळसूत्र, चमकी, बांगड्या काढून ठेवायला लागतात, नेलपॉलिशही, कारण बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावतात. मंगळसूत्रावरून आमच्याकडे आदल्या रात्री छोटं महाभारत झालं. तुमच्याकडे होणार असेल तर या आठवड्यातच उरकून घ्या.

पहाटेच्या जागेचं म्हणाल, तर धडधडीनं दिवसासुद्धा जेवण जात नसेल, तर नऊ दिवस थांबू नका. उद्याच डॉक्टरांना फोन करा. रात्री बोलायला कुणी नसेल तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत आणि मराठीतही बोलतात. मी तीनला जाग आली की उठून रुग्णालयाची बॅग भरायचे. चार वेळा भरली. पुढून बटणांचे दोन सैल गाऊन, चपला, लांब वायरचा चार्जर आणि एक छोटी उशी. ती उशी घरी येताना गाडीत पोट आणि सीटबेल्टच्या मधे धरायला. पुणे ते सांगली रस्त्यात किती खड्डे आहेत ते मला त्या दिवशी एकेक करून कळलं.