शाळा सुटताना गेटसमोर गाड्यांची गर्दी होते. रस्ता बंद करायचा तर कसा?

दिवसभर बंद करू नका. शाळा भरताना आणि सुटताना ३०-४५ मिनिटं पुरतात, पण परवानगी आधी घ्या. रस्त्याच्या दोन्ही टोकांना हलवता येणारे बॅरिकेड आणि प्रत्येक टोकाला चमकदार जॅकेट घातलेली दोन माणसं हवीत. रुग्णवाहिका, अग्निशमन गाडी, दिव्यांगांची वाहनं आणि तिथले रहिवासी यांना चालण्याच्या वेगानं आत सोडा. रहिवाशांना पास आधीच द्या, नाहीतर पहिल्याच दिवशी भांडणं होतात.

बहुतेक ठिकाणी फसतं ते पुढच्या कोपऱ्यावर: सगळ्या गाड्या तिथंच थांबतात आणि धोका फक्त जागा बदलतो. म्हणून २००-३०० मीटरवर उतरण्याच्या दोन-तीन वेगवेगळ्या जागा ठरवा आणि तिथून गेटपर्यंतचा फुटपाथ आधी मोकळा करा. फुटपाथ अडलेला असेल तर मुलं रस्त्यावरूनच चालणार.