नकाशावरचा ठिपका ३४ किलोमीटर का सरकला?

प्रश्न: सर्वेक्षणाच्या वहीत अक्षांश १२ अंश ४५ मिनिटे ३६ सेकंद असा आहे. मी प्रोग्राममध्ये १२.४५३६ भरला, तर ठिपका भलतीकडेच पडतो. यंत्र बिघडलंय का?

उत्तर: यंत्र बिचारं ठीक आहे. तुम्ही मिनिटांना दशांश समजलात. साडेबाराला आपण १२.३० लिहितो, तीच सवय इथे नडते. ४५ ला ६० ने भागा, ०.७५, ३६ ला ३६०० ने, ०.०१. बेरीज १२.७६. फरक ०.३०६४ अंशाचा, आणि अक्षांशाचा एक अंश साधारण १११ किलोमीटर. म्हणजे ३४ किलोमीटर!

आता खरी मेख. दक्षिण अक्षांश ऋण धरतात. उणे १२ मध्ये ०.७६ मिळवले की उत्तर येतं उणे ११.२४, साफ चूक. आधी सगळं धन धरून बेरीज करा, चिन्ह शेवटी लावा. मी हे शहाणपण शिकलो ते ० अंश ३० मिनिटे दक्षिण या नोंदीवर. अंश पूर्णांकात ठेवले होते. पूर्णांकात उणे शून्य नसतंच, त्यामुळे माझा बिंदू मुकाट्याने विषुववृत्त ओलांडून उत्तरेला गेला. दुपारभर शोधत होतो. तेव्हापासून दिशेचं अक्षर वेगळं साठवतो.

आणि हो, जिओजेसनमध्ये, म्हणजे नकाशावरची माहिती साठवायच्या एका फाइल-स्वरूपात, रेखांश आधी, अक्षांश नंतर. बोलताना आपण नेमकं उलटं म्हणतो.