बोट लावलं तरी उघडत का नाही?

प्रश्न : माझा धाकटा भाऊ जन्मापासून अंध आहे. स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा एनव्हीडीए हा प्रोग्रॅम कीबोर्डवर झकास चालवतो. यंदा त्याच्यासाठी टचस्क्रीनचा लॅपटॉप घेतला. आता गंमत अशी, की मी एखाद्या चित्रावर बोट ठेवलं तर लॅपटॉप त्याचं नाव बोलतो, पण उघडत काही नाही. दुकानदार म्हणतो स्क्रीन बदलावी लागेल. भावाच्या पेनड्राइव्हमधलं एनव्हीडीए चालू केलं तर माझं बोट बरोबर चालतं, पण तो नुसतं चाचपायला गेला तरी भलतंच काहीतरी उघडतं. बिघाड नेमका कुठे आहे? आणि कीबोर्ड एवढा येत असताना त्याने हे शिकायची गरज आहे का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : ताई, दुकानदाराला लांबूनच नमस्कार करा. स्क्रीन ठणठणीत आहे. एनव्हीडीए चालू असताना एका टिचकीने काही उघडायचंच नसतं. न दिसणाऱ्याला बटण सापडायला काचेवर बोट फिरवावं लागतं. प्रत्येक स्पर्शाला बटण दाबलं जायला लागलं, तर तुमचा भाऊ शोधता शोधता अर्धवट मेल पाठवून आणि एखादी फाइल पुसून मोकळा होईल. म्हणून पहिला स्पर्श फक्त ऐकण्यासाठी. हवं ते बोटाखाली आलं, की लागोपाठ दोन टिचक्या. तुम्हीही दोन मारा, उघडेल. लॅपटॉप तुमच्या हातात असेल तेव्हा एनव्हीडीएची कळ (बहुतेकांची इन्सर्ट असते), कंट्रोल, आल्ट आणि टी एकदम दाबा. स्पर्शाची सोय बंद होते. काम झालं की तेच पुन्हा दाबून चालू करून ठेवा, नाहीतर घरात भांडण.

पेनड्राइव्हचं कोडंही यातच सुटतं. विंडोज ८ पासून स्क्रीनवरचा स्पर्श थेट प्रोग्रॅमकडे न जाऊ देता मध्येच अडवायची सोय आहे. एनव्हीडीए तो अडवतं, बोटं किती, कुठे आणि किती वेळ टेकली ते बघतं आणि मग काय करायचं ते ठरवतं. पण हा अधिकार विंडोज कुणाही ऐऱ्यागैऱ्याला देत नाही. सुरक्षित जागी रीतसर इन्स्टॉल केलेला आणि डिजिटल सही असलेला प्रोग्रॅम लागतो. पेनड्राइव्हवरची प्रत या नियमात बसत नाही. ती बोलते, कीबोर्ड सांभाळते, पण स्पर्श तिच्या हाती लागत नाही. लॅपटॉपवर एनव्हीडीए इन्स्टॉल करा आणि तीच प्रत वापरा.

हे काम तसं जुनं आहे. आयफोनवर व्हॉइसओव्हर हा असाच बोलका प्रोग्रॅम २००९ मध्ये आला आणि सपाट काचेचा फोन आंधळा माणूस वापरू शकतो हे जगाला कळलं. संगणकावर ती सोय २०१२ मध्ये आली, विंडोज ८ बरोबर. एनव्हीडीएने त्याच वर्षी आपल्या २०१२.३ या आवृत्तीत प्रायोगिक म्हणून स्पर्श आणला. ऑस्ट्रेलियात मायकेल करन यांनी २००६ मध्ये हा फुकटचा प्रोग्रॅम लिहायला घेतला, जेम्स टेह त्यांना येऊन मिळाले. दोघेही अंध. आपल्याला काय अडतं ते दुसऱ्याला विचारायला जावं लागलं नाही, हे वापरताना जाणवतं.

आता शिकावं का? मी स्वतः पक्का कीबोर्डवाला. लिहायला, फाइली हलवायला बोटं कळांवर असतात तेवढा वेग काचेवर येणार नाही. उभ्या स्क्रीनवर हात धरून दहा मिनिटांत खांदा अवघडतो तो वेगळाच. तरीही म्हणेन, शिकू द्या.

कारण कीबोर्डवाल्याला स्क्रीनवर काय कुठे आहे ते कळतच नाही. टॅब दाबत गेलं की सगळं एका रांगेत येतं. माझ्याकडे शिकायला येणारा एक मुलगा वर्षानुवर्षं विंडोजची कळ दाबून स्टार्ट मेनू उघडायचा. एकदा त्याला स्क्रीनच्या खालच्या कडेवर बोट ठेवून डावीकडून सावकाश सरकवायला लावलं. कोपऱ्यात स्टार्ट मिळेना. बोट बरंच पुढे गेल्यावर स्टार्ट, मग शोधायची चौकट, मग फाइली, अगदी उजव्या टोकाला घड्याळ. ‘सर, हे मधे कधी आलं?’ विंडोज ११ मध्ये ते मधेच असतं, पण त्याला कोण सांगणार? ऑफिसात शेजारचा ‘वरती उजवीकडे बघ ना’ म्हणतो तेव्हा आमच्यातले बरेचजण नुसते ‘हो’ म्हणतात. बोटाने पाहिलेल्या माणसाला ते ‘वरती उजवीकडे’ खरंच कळतं.

सुरुवातीला एवढंच पुरे : एक बोट उजवीकडे फटकारलं की पुढची वस्तू (स्क्रीनवरचं बटण, चित्र वगैरे), डावीकडे फटकारलं की मागची. दोन बोटांची एक टिचकी मारली की बडबड बंद. ही आधी शिकवा. तीन बोटांची टिचकी मारली की वस्तूंऐवजी मजकूर वाचायची पद्धत येते. मग वर-खाली फटकारून ओळी, डावी-उजवीकडे अक्षरं. स्क्रीनवरच्या कीबोर्डवर अक्षर सापडल्यावर दोन टिचक्या माराव्या लागतात. ते कंटाळवाणं वाटलं तर एनव्हीडीएच्या सेटिंगमध्ये टच टायपिंग चालू करा, मग बोट उचललं की अक्षर उमटतं. लॅपटॉप पूर्ण उलटा घडी होणारा असेल तर स्क्रीन टेबलावर आडवी ठेवा, खांदा वाचेल. बोटं कोरडी हवीत, ओल्या हाताच्या टिचक्या निम्म्या वाया जातात.

प्रश्न : बोटांच्या याच खुणा कीबोर्डखालच्या टचपॅडवर चालतील का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. एनव्हीडीएच्या या खुणा फक्त स्क्रीनवर चालतात. टचपॅड माऊसचं काम करतो. उलट टाइप करताना तळहात लागून बाण उडतो आणि आपण लिहितोय कुठे तेच कळेनासं होतं. बऱ्याच लॅपटॉपवर तो बंद करायची कळ वरच्या ओळीत असते. ती कुठली ते कुणाला तरी एकदा बघायला सांगा आणि बंद करून टाका.