13 वर्षांच्या भाच्याला ‘द 400 ब्लोज’ दाखवू का?

तुमचा प्रश्न असा: भाच्याचे वडील दोन वर्षांपूर्वी गेले, शाळेतून सारख्या तक्रारी येतात, त्याला फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोचा हा सिनेमा दाखवावा की फार अंगावर येईल?

दाखवा. पण शेजारी बसून बघा, आणि संपल्यावर त्याला काही विचारू नका.

मी 12 वर्षांचा असताना बाबा गेले. नारायण पेठेत दोन खोल्यांत आम्ही राहायचो. सहामाहीच्या प्रगतिपुस्तकावर पालकांची सही हवी होती. आईने लगेच केली असती, पण मी तिला ते दाखवलंच नाही. बाबांच्या बँकेच्या पासबुकातली सही समोर ठेवली आणि तशीच काढली, खाली त्यांच्यासारखी दोन टिंबंसुद्धा दिली. बाबा गेल्याचं बाईंना माहीत होतं. त्यांनी वर्गासमोर मला उभं केलं. कमी मार्क लपवायला केलं, असं सगळ्यांनी धरलं. गणितात मला 78 होते.

पुढे कॉलेजात असताना लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात हा 1959 सालचा सिनेमा पाहिला. त्यातला शाळकरी अंत्वान शाळा बुडवतो, मित्राची रजेची जुनी चिठ्ठी उतरवून काढायला बसतो आणि स्वतःऐवजी मित्राचंच नाव लिहून ठेवतो. मग मास्तरांना सांगून टाकतो, आई वारली. लोक हसले. मला घाम फुटला होता. घरात ज्यांना तो बाबा म्हणतो त्यांनी त्याला फक्त नाव दिलंय. त्रुफोचंही तेच, आडनाव सावत्र वडिलांचं.

सगळ्यात जपून बघावा असा प्रसंग सुधारगृहातला. मानसतज्ज्ञ बाई प्रश्न विचारतात, पण त्या दिसत नाहीत. कॅमेरा फक्त मुलावर. अंत्वान झालेल्या जाँ-पिएर लेओला या उत्तरांचे संवाद लिहून दिलेले नव्हते. खोटं का बोलतोस, तर खरं सांगितलं तरी कुणाला पटत नाही, असं तो हात चाळवत सांगतो. माझ्या बाईंनी मला हे विचारलं असतं तर!

एक काळजी घ्या. अंत्वानची आई त्याच्याशी फार तुटक वागते. तुमची बहीण एकटीने मुलाला वाढवते आहे, तेव्हा हे तिला आधी सांगून ठेवा. शक्य असेल तर आधी अविनाश अरुणचा ‘किल्ला’ बघा. वडील गेलेला मुलगा आईच्या बदलीमुळे पुणं सोडून कोकणात जातो. हा सिनेमा हळुवार आहे, आई-मुलाने एकत्र बघण्यासारखा.

त्रुफोच्या सिनेमात अंत्वानला रात्री पोलिसांच्या गाडीतून नेतात, गजांआडून पॅरिसचे दिवे दिसतात आणि त्याच्या गालावरून पाणी ओघळतं. तिथे भाचा पाणी प्यायचं निमित्त करून उठला तर उठू द्या. सिनेमा थांबवून ठेवा, तो येईपर्यंत.